योसेफाने नऊ वर्षं बापाला साधा निरोपही का धाडला नाही?

थळची लेक

शालोम मंडळी. पुढच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, 'वायिगाश' हा पाराशा (तोरा या आमच्या धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा वाचायचा भाग) आहे. आमच्या बायकांच्या मंडळात त्यावर पंधरा मिनिटं बोलायचं काम यंदा माझ्याकडे आलंय. गोष्ट सगळ्यांना पाठ असते. याकोबाचा लाडका मुलगा योसेफ, भावांचा मत्सर, त्यांनी त्याला टाकलं ती कोरडी विहीर, मिसर (इजिप्त) देशात गुलाम म्हणून विकलं जाणं, तुरुंग आणि मग तिथल्या राजाच्या, फारोच्या खालोखालचा मान. माझी आजी ही गोष्ट कीर्तनात ऐकायची. आम्हा बेने इस्राएलांमध्ये, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोरातल्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू झाली, ती आजीच्या तरुणपणी जोरात होती. योसेफाला विकतात त्या जागी आलं की बायका पदराने डोळे पुसायच्या, असं ती सांगायची.

या वेळी मी वही घेऊन वर्षांचा हिशेब मांडला आणि तिथेच अडकले.

योसेफ घरातून निघाला तेव्हा 17 वर्षांचा होता (उत्पत्ती 37:2). फारोसमोर उभा राहिला तेव्हा 30 चा (41:46). मधली तेरा वर्षं गुलामगिरीत आणि तुरुंगात गेली. स्तोत्र 105 मध्ये म्हटलंय की त्याच्या पायांना बेड्यांनी इजा झाली. तेव्हा तो कुणाच्या हाती निरोप देणार? ते मला कळतं. पण पुढे सुकाळाची सात वर्षं आली, मग दुष्काळाची दोन. त्या नऊ वर्षांत त्याच्या बोटात फारोची मुद्रिका होती, अंगावर तलम वस्त्रं होती, बसायला रथ होता. सगळ्या देशाचं धान्य त्याच्या शब्दावर कोठारात जात होतं आणि कोठारातून बाहेर येत होतं. याकोब राहत होता हेब्रोनला. तेराव्या शतकातले भाष्यकार रामबान लिहितात की मिसरहून हेब्रोन साधारण सहा दिवसांच्या वाटेवर आहे. फक्त सहा दिवस! एक माणूस, एक गाढव आणि "मी जिवंत आहे" एवढे शब्द पुरले असते.

आणि बाप तिकडे काय करतोय? कमरेला गोणपाट गुंडाळून बसलाय. कुणी समजूत घालायला गेलं तर ऐकत नाही. म्हणतो, मी शोक करत करतच मुलाकडे खाली अधोलोकात जाईन.

मला हा प्रश्न नुसता भाषणापुरता पडलेला नाही, म्हणून खरं काय ते लिहिते. माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांपूर्वी इस्राएलला गेला. पहिली तीन वर्षं फोन यायचे. मग घरगुती कारणावरून बिनसलं आणि आता आठ वर्षं झाली, पपांना त्याचा एकही फोन नाही. पपा 86 वर्षांचे आहेत. दर शुक्रवारी दिवे लावायच्या आधी ते फोन मांडीवर घेऊन खिडकीशी बसतात. दिवे लागले की स्वतःच उठून फोन कपाटात ठेवतात. काही बोलत नाहीत.

म्हणून विचारते. योसेफासारखा माणूस, ज्याला आपण 'हा-सादिक' म्हणजे नीतिमान म्हणतो, तो असा गप्प का राहिला? तुमच्यापैकी कुणी यावर वाचलं असेल तर सांगा.

पोथीवाला

तुम्ही रामबानचं नाव घेतलंत, तर त्यांचं उत्तरही तिथेच, 42:9 वरच्या भाष्यात आहे. त्यांनाही हाच प्रश्न पडला होता. ते म्हणतात, योसेफ घरी असताना पडलेल्या दोन स्वप्नांसाठी थांबला होता. पहिल्या स्वप्नात भावांच्या पेंढ्या त्याच्या पेंढीपुढे वाकल्या. दुसऱ्यात सूर्य, चंद्र आणि अकरा तारे वाकले. दुष्काळात मिसरला धान्य न्यायला आले ते दहाच भाऊ, धाकटा बन्यामीन घरी होता. म्हणजे आधी अकरावा यायला हवा आणि मग बाप. आधीच निरोप धाडला असता तर सगळे एकदमच आले असते आणि स्वप्नं सांगितल्या क्रमाने पुरी झाली नसती. 42:9 मध्ये स्पष्ट लिहिलंय की भावांना पाहताच त्याला ती स्वप्नं आठवली. हे उत्तर मला पटतं. स्वप्न ही त्याच्या दृष्टीने देवाची आज्ञाच होती.

थळची लेक

आभारी आहे. पण मन मानत नाही. स्वप्न ज्याने दाखवलं तो ते पुरं करायला समर्थ आहे, त्यासाठी म्हाताऱ्या बापाला रडत ठेवायची काय गरज? हा आक्षेप माझा एकटीचा नाही. पंधराव्या शतकात स्पेनमध्ये रब्बी इसहाक आरामा यांनीही हेच विचारलं होतं. शिवाय भाऊ आल्यावर स्वप्नं आठवली, असं वचन म्हणतं. त्याआधीच्या वर्षांचं काय? तेव्हा त्याला काय आठवत होतं?

नगरकर मास्तर

ताई, त्याआधीच्या वर्षांत त्याला काय आठवत होतं, किंवा काय आठवायचं नव्हतं, ते त्याने मुलाच्या नावातच लिहून ठेवलंय. थोरल्याचं नाव मनश्शे. का? "माझे सगळे कष्ट आणि माझ्या बापाचं सगळं घर देवाने मला विसरायला लावलं" (41:51). मी अहमदनगरच्या ख्रिस्ती घरातला, चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. हे वचन मी लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलं होतं, पण त्यातलं 'बापाचं घर' मला खटकलं ते नातू झाल्यावर. लेकराला रोज हाक मारायची आणि दर हाकेत आपण घर विसरलो असं म्हणायचं! जो खरंच विसरला, तो असं नाव ठेवत नाही.

माझं म्हणणं असं की त्याच्या मनातली जखम मोठी होती आणि ती मूळ गोष्टीत फार थोड्या शब्दांत, फार कसबाने दाखवलीय. मला त्यातली भाषा पाहायला आवडते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मत्सर सुरू होतो तिथलं वाक्य पाहा. 37:4 मध्ये म्हटलंय की भावांना त्याच्याशी शालोमने बोलवेना. म्हणजे साधी खुशाली विचारणंही बंद झालं. आणि दहाच वचनांनी बाप त्याच पोराला सांगतो, जा, तुझ्या भावांचा शालोम पाहून ये. घरात कुणी त्याच्याशी धड बोलत नाही आणि बाप त्यालाच खुशाली आणायला धाडतो. शखेमला जा म्हणाला. ते तिथे नव्हते. एका वाटसरूने सांगितलं, ते दोथानला गेले. हा पोर तिथवर त्यांना शोधत गेला.

मग झगा. त्याला 'केतोनेत पस्सीम' म्हणतात. रंगीबेरंगी की पायघोळ, यावर विद्वानांचं एकमत नाही. पण हाच शब्द पुढे एकदाच येतो, दाविदाची मुलगी तामार हिच्या अंगावर (2 शमुवेल 13:18). तिच्यावरही तिच्या भावानेच अत्याचार केला आणि तिचाही झगा फाटला. योसेफाचा झगा भावांनी बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढे धरला आणि म्हणाले, "ओळखा पाहू." याच याकोबाने तरुणपणी बकऱ्याचं कातडं हातांना बांधून आणि भावाचे कपडे घालून आपल्या आंधळ्या बापाला फसवलं होतं. पुढच्याच अध्यायात तामार नावाची दुसरी बाई योसेफाचा भाऊ यहूदा याच्यापुढे त्याचीच मुद्रा आणि काठी ठेवते आणि तेच दोन शब्द उच्चारते, "ओळखा पाहू." आणि मिसरमध्ये भाऊ समोर येतात तेव्हा? त्याने त्यांना ओळखलं आणि तो त्यांच्यासाठी अनोळखी झाला (42:7). हिब्रूत हे दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. मराठीत ते इतकं अलगद उतरतं की वर्गात मी मुद्दाम फळ्यावर लिहायचो.

आता विकत घेणारे व्यापारी. त्यांच्या उंटांवर डिंक, मलम आणि गंधरस होता. वीस रुपयांना, म्हणजे चांदीच्या वीस नाण्यांना सौदा झाला आणि त्या मालाबरोबर पोरगा मिसरला गेला. बावीस वर्षांनी याकोब बन्यामीनला पाठवताना त्या 'अधिकाऱ्याला' भेट धाडतो. काय धाडतो? मलम, मध, डिंक, गंधरस, पिस्ते, बदाम (43:11). ज्या वासात बसून तो घरापासून दूर गेला, तोच वास बापाच्या हातून त्याच्यापर्यंत आला. लिहिणाऱ्याने यावर एक शब्दही जास्तीचा खर्च केलेला नाही.

अजून एक. विहिरीच्या प्रसंगात योसेफाचं एकही वाक्य नाही. तो ओरडला की नाही, आपल्याला कळत नाही. कळतं ते 42:21 मध्ये. भाऊ आपसांत म्हणतात, "तो काकुळतीला येऊन विनवत होता, आम्ही त्याच्या जिवाची तगमग पाहिली आणि ऐकलं नाही." मध्ये दुभाषी उभा आहे, त्यामुळे याला आपली भाषा कळते हे त्यांना ठाऊक नाही. तो बाजूला जाऊन रडतो आणि परत येतो. आपला गुन्हा ते आपल्या तोंडाने कबूल करताना त्याने पहिल्यांदा ऐकलं. थोरला भाऊ रऊबेन आपल्या बाजूने बोलला होता, हेही त्याला तिथेच कळलं.

वाचक 1862

मास्तर, लिहीत राहा. दोनदा वाचलं.

अश्दोदकर

थळच्या ताई, मी मूळचा तुमच्याच बाजूचा, रेवदंड्याचा. इथे इस्राएलात अश्दोदला येऊन पन्नास वर्षं होत आली. तुमच्या प्रश्नावर इथे चांगलाच वाद झालेला आहे. रब्बी योएल बिन-नून यांनी एक वेगळंच उत्तर मांडलं आणि ते ऐकल्यापासून मी हा पाराशा दुसऱ्या रीतीने ऐकूच शकत नाही.

ते म्हणतात, आपण गोष्ट वाचतो तेव्हा आपल्याला सगळं माहीत असतं. बापाला रक्ताचा झगा दाखवला, बाप फसला, रडतोय, हे आपण पाहिलंय. योसेफाने पाहिलेलं नाही. तो तेव्हा उंटाबरोबर चालत होता. त्याच्या बाजूने विचार करा. स्वप्न सांगितलं तेव्हा बापही रागावला होता. मग एके दिवशी बापानेच त्याला एकट्याला त्या भावांकडे पाठवलं, जे त्याचा द्वेष करतात. ते त्याचे कपडे काढतात, विहिरीत टाकतात, विकतात. आणि शोधायला कुणी येत नाही. एक वर्ष नाही, दहा वर्षं नाही. एवढा श्रीमंत बाप, याच्यावर एवढा जीव. मग माणूस का नाही पाठवला? चार पैसे देऊन का नाही सोडवलं?

आता त्या घराण्याचा इतिहास बघा. पणजोबा अब्राहामाने आपल्या मुलाला, इश्माएलला घराबाहेर काढलं. आजोबा इसहाकाच्या घरातून याकोबाचा भाऊ एसाव बाजूला पडला. दर पिढीत एक मुलगा ठेवायचा आणि एक टाकायचा. योसेफाला काय वाटलं असेल? या पिढीत टाकलेला मुलगा मी. आणि बापाला ते ठाऊक आहे.

बिन-नून यांच्या मते त्याच्या गप्प राहण्याचं कारण हेच. त्याला आपल्या बापाविषयीच शंका होती. मनश्शेच्या नावात भावांचा उल्लेख नाही, 'बापाचं घर' आहे. मास्तरांनी बोट बरोबर तिथेच ठेवलंय.

मग तो मोडतो कधी? बन्यामीनच्या पोत्यात योसेफानेच ठेववलेला चांदीचा पेला सापडतो. याला गुलाम म्हणून ठेवून घेतो, असं तो म्हणतो आणि यहूदा पुढे येतो. 'वायिगाश' म्हणजेच 'तो जवळ गेला'. यहूदाचं बोलणं 44:18 पासून 34 पर्यंत आहे. त्यात 'बाप' हा शब्द चौदा वेळा येतो, मी हिब्रूत मोजलाय. आणि मधोमध, 28 व्या वचनात, यहूदा बापाचं वाक्य जसंच्या तसं सांगतो: "एक माझ्याजवळून गेला, आणि मी म्हणालो, नक्कीच त्याला श्वापदाने फाडलं, आणि अजूनपर्यंत तो मला दिसला नाही."

ताई, हे योसेफाने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. बापाने टाकलं नव्हतं. बापाने शोधलं नाही, कारण बापाला तो मेला असं सांगितलं होतं.

यहूदा थांबल्यावर योसेफाला आवरत नाही. सगळ्यांना बाहेर काढतो आणि एवढ्या मोठ्याने रडतो की फारोच्या वाड्यापर्यंत आवाज जातो. मग पहिलं वाक्य: "मी योसेफ आहे. माझा बाप अजून जिवंत आहे का?" बाप जिवंत आहे हे त्यांनी त्याला कितीदा तरी सांगितलं होतं! जेवणाच्या वेळी त्याने स्वतःच विचारलं होतं, "तुमचा म्हातारा बाप बरा आहे ना?" तेव्हा तो 'तुमचा' होता. आता 'माझा' झाला.

पोथीवाला

सुरेख मांडलंत. पण शंका राहतेच. ज्या बापाने दहा जणांना सोडून एकट्याला झगा शिवला, त्याच्यावर असा संशय? आणि वचनात तसं कुठे लिहिलेलंही नाही. रब्बी याकोव मेदान यांनी बिन-नूनना विरोध केलाय तो उगाच नाही. शिवाय योसेफ बन्यामीनला इतरांच्या पाचपट वाढतो, पुढे तीनशे चांदीची नाणी आणि कपड्यांचे पाच जोड देतो. मला तर ती भावांची परीक्षाच दिसते. पुन्हा एकाला जास्त दिलं तर हे पुन्हा जळतात का?

अश्दोदकर

परीक्षाही असेल. भाऊ जळले नाहीत, जेवले आणि प्याले, असं लिहिलंय. मला दोन्ही एकत्र नांदताना दिसतं. पण संशयाचं म्हणाल तर, परक्या मुलखात, परक्या भाषेत, एकट्या माणसाला काय काय वाटतं ते मी इथली पहिली दोन वर्षं अनुभवलंय. घरून पत्र उशिरा आलं तरी मन भलतंच बोलायला लागायचं. वाटायचं, माझ्यावाचून त्यांचं नीट चाललंय. आई तेव्हा आजारी होती आणि मला कळवू नका असं तिनेच सांगितलं होतं, हे पुढे कळलं.

नगरकर मास्तर

अश्दोदकरांचं वाचून मी पुन्हा शेवटच्या अध्यायाशी गेलो. याकोब मिसरला आला तेव्हा 130 वर्षांचा होता, वारला 147 चा. म्हणजे योसेफाला बाप पुन्हा सतरा वर्षं मिळाला. विकला गेला तेव्हा तो सतरा वर्षांचाच होता. पहिली सतरा बापाने त्याला सांभाळलं, शेवटची सतरा त्याने बापाला.

पण बाप गेल्यावर भाऊ पुन्हा घाबरतात. आता हा सूड घेईल. मग ते निरोप धाडतात: "तुझ्या बापाने मरणापूर्वी आज्ञा केली होती की भावांना क्षमा कर" (50:16-17). याकोबाने असं कधी म्हटल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. आधी बापाला खोटं सांगितलं आणि शेवटी बापाच्या तोंडी आपले शब्द घातले. योसेफ हे ऐकून रडला. का रडला, ते लिहिलेलं नाही. मला वाटतं, इतक्या वर्षांनीही ते त्याच्याशी सरळ बोलू शकत नव्हते, मध्ये बापाचं नाव घ्यावं लागत होतं, म्हणून.

त्याच्या अस्थी पुढे मोशेने सोबत घेतल्या आणि त्या पुरल्या शखेमला (यहोशवा 24:32). बापाने भावांची खुशाली आणायला त्याला पहिल्यांदा पाठवलं, ते हेच गाव.

थळची लेक

तीन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. मास्तरांचं शेवटचं वाचलं आणि मला लिहवेना.

'घरगुती कारण' असं मी वर लिहिलं होतं. ते आता पुरं लिहिते. थळला आमचं जुनं घर होतं आणि लागून नारळ-सुपारीची वाडी. धाकटा पपांचा फार लाडका. त्याच्या शिक्षणाला पपांनी आईच्या पाटल्या मोडल्या. थोरल्या भावाला आणि मला तसं काही मिळालं नाही. आम्ही कधी बोललो नाही, पण आमच्या मनात ते होतं. माझ्या तर होतंच. तो इस्राएलला गेल्यावर तीन वर्षांनी आम्ही दोघांनी वाडी विकायचं ठरवलं. कागद आम्ही केले, पपांची सही घेतली. त्याला वाटा दिला, पण कमी. त्याने फोनवर विचारलं तेव्हा मी म्हणाले, "पपांचीच तशी इच्छा आहे."

हे वाक्य मी उच्चारलं. आठ वर्षं मी स्वतःला याकोबाच्या शेजारी बसलेली समजत होते. त्याच्याबरोबर वाट बघत होते, त्याच्यासाठी दुःखी होत होते. मी भावांच्या रांगेत उभी होते, हे मला या धाग्यावर दिसलं.

काल दुपारी पपांना 44 वा अध्याय वाचून दाखवला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने वाचला. 28 व्या वचनाशी माझा आवाज गेला. पपांनी पुस्तक ओढून घेतलं आणि पुढचं स्वतःच वाचलं. मग मी विचारलं, वाडीच्या कागदात कुणाचा वाटा किती, ते तुम्हाला माहीत होतं का? म्हणाले, "तुम्ही सही कर म्हणालात, मी केली. मुलांनी आणलेला कागद कोण वाचतो?"

भावाचा पत्ता चुलतबहिणीकडून मिळवला. तो दिमोनाला असतो. अश्दोदकर, तुमच्यापासून किती लांब पडतं ते? फोन केला तर तो माझा आवाज ऐकून ठेवून देईल, म्हणून पत्र लिहितेय, मराठीत. पहिलं वाक्य लिहून झालंय: "पपांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं, ते मी म्हटलं होतं."

भाषणाचं अजून काहीच लिहिलेलं नाही.

अश्दोदकर

दिमोना गाडीने दीड-दोन तास. पत्र टपालाने नको, माझ्या पत्त्यावर धाडा. पत्ता खासगी निरोपात देतो. मी स्वतः नेऊन देईन.